काटा पाण्याचा, आकडा जमिनीचा

आउटबोर्ड इंजिनाच्या फायबर बोटीचा डॅशबोर्ड उघडून मागून पाहिला, तर आरपीएमच्या, पेट्रोलच्या, बॅटरीच्या अशा सगळ्या मीटरांना दोन-दोन, तीन-तीन वायरी आलेल्या दिसतात. स्पीडोमीटरच्या पाठीवर मात्र पुष्कळदा एक बारीक प्लास्टिकची नळी खोचलेली असते. वायर असलीच तर ती रात्रीच्या दिव्याची. खिशातला फोन बोटीचा वेग चोख सांगतोय आणि समोरचा काटा मात्र शून्याला चिकटून बसलाय, हे पाहून एखाद्याच्या मनात येतं की जीपीएस रिसीव्हर आणावा आणि याच मीटरला जोडून टाकावा. त्याचा उत्साह या नळीपाशी अडतो. नळीला वायर कशी जोडणार?

जोडणी होऊ शकते, आणि ती फारशी अवघडही नाही. पण ती करण्याआधी हा काटा आजवर नेमकं काय मोजत होता ते समजून घेतलं पाहिजे. जीपीएस तेच मोजत नाही.

ती नळी थेट पाण्यात उतरते. इंजिनाचा जो भाग पाण्यात बुडालेला असतो त्याच्या पुढच्या कडेला एक बारीक भोक असतं, किंवा बोटीच्या मागच्या फळीला खाली छोटंसं नाकाडं बसवलेलं असतं. बोट निघाली की पाणी त्या भोकावर आदळतं, नळीत दाब तयार होतो आणि तो वर मीटरपर्यंत पोचतो. मीटरच्या पोटात धातूची एक चपटी, गोलाकार वाकवलेली नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. या साध्या यंत्रामागे दोन फ्रेंच माणसं आहेत. आंरी पितो यांनी १७३२ साली पॅरिसमध्ये सीन नदीचा वेग मोजण्यासाठी वाकवलेली नळी प्रवाहाच्या तोंडावर धरली. पाणी जितकं वेगवान, तितकं नळीतलं पाणी वर चढे. दाबाने सरळ होऊ पाहणाऱ्या नळीचं पेटंट युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतलं. पितोंची नळी आज लोकांना ठाऊक असते ती विमानामुळे. तिचा जन्म मात्र नदीतला, त्यामुळे बोटीच्या बुडाशी ती काही परकी नाही.

तिचा दोष गणितातच आहे. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रात १० नॉटला हा दाब साधारण १३.५ किलोपास्कल, म्हणजे सव्वा मीटरहून थोड्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तीस नॉटला तो नऊपट, सव्वाशे किलोपास्कलच्या जवळपास. चाळीस नॉटला मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका. आता उलट दिशेने बघा. मीटरवर शेवटचा आकडा ५० नॉटचा असेल, तर ५ नॉटला मिळणारा दाब पूर्ण दाबाच्या अवघा शंभरावा भाग. साध्या दाबमापकाची चूकच पूर्ण मोजमापाच्या दोन-तीन टक्के असते. म्हणजे सावकाश चाललेल्या बोटीचा वेग या मीटरच्या चुकीत बुडून जातो. बंदरात शिरताना, खाडीत वळताना, मासेमारीला हळू चालताना काटा हलत नाही तो त्यामुळे. तो बिघडलेला असतोच असं नाही, त्याला तेवढं खालचं वाचताच येत नाही.

त्यात भर भोक बुजण्याची. वाळू, शेवाळ, प्लास्टिकचा तुकडा, किंवा बोट पाण्यात नुसती उभी राहिली की बुडाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवली आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा उतरवली, की पहिल्या फेरीला काटा मेलेला निघणं ही ठरलेली गोष्ट. बारीक तारेने भोक साफ करायचं, नळी मीटरकडून सोडवून हवा मारायची, एवढा इलाज बहुतेकदा पुरतो. तो न करता नवीन मीटर विकत घेणारे लोक आहेत.

दुसऱ्या जातीचं स्पीडोमीटर चाकावर चालतं. बोटीच्या तळाला वल्ह्यांसारखी पाती असलेलं अंगठ्याएवढं चाक बसवलेलं असतं, पात्यांत बारीक चुंबक असतात, आणि चाकाशेजारचा सेन्सर प्रत्येक चुंबक समोरून गेला की एक विद्युत ठोका म्हणजे पल्स पाठवतो. एका प्रचलित प्रकारात एका सागरी मैलाला २०,००० पल्स येतात. हे चाक हळू वेगातही बरं चालतं, पण भोकापेक्षाही लवकर शेवाळतं. मात्र या मीटरच्या पाठीला वायर असते, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने तो मोठा फरक आहे.

आता जीपीएस. पुष्कळांची समजूत अशी की रिसीव्हर एका क्षणाला आपली जागा काढतो, दुसऱ्या क्षणाला पुन्हा काढतो, आणि मधलं अंतर वेळेने भागून वेग सांगतो. असं केलं असतं तर मोठी पंचाईत झाली असती. जागा दोन-चार मीटरने इकडेतिकडे होते. सेकंदाला दोन मीटरची चूक म्हणजे जवळपास चार नॉट. चांगले रिसीव्हर वेग वेगळ्या वाटेने काढतात. उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर प्रसारण करतो. तो २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतोय, तुमची बोटही चालतेय, म्हणून तुमच्यापर्यंत पोचणारी लहर थोडी चढी किंवा थोडी उतरी येते. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तोच हा डॉपलर परिणाम. उपग्रहाचा वाटा त्याच्या कक्षेवरून हिशेबाने काढून टाकता येतो. उरतो तो बोटीचा वाटा, आणि रिसीव्हरमधल्या स्वस्त घड्याळाची चूक. ही चूक सगळ्या उपग्रहांच्या लहरींत सारखीच मिसळलेली असते, म्हणून चार उपग्रह दिसले की तीही सुटते.

हा बोटीचा वाटा किती असतो? लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. उपग्रहाच्या रोखाने बोट एक नॉटने सरकली, तर दीडशे कोटींहून जास्त कंपनांत पावणेतीन कंपनांच्या आसपास फरक पडतो. तेवढा फरक मोजता येतो म्हणूनच अगदी स्वस्त मॉड्यूलच्या माहितीपत्रकातही वेगाची अचूकता ०.१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे नॉटचा पाचवा भाग, अशी छापलेली असते. पाच नॉटला जितकी, पन्नास नॉटला तितकीच. नळीच्या मीटरशी याची बरोबरी होऊच शकत नाही.

मग काटा जीपीएसच्या हवाली करून मोकळं व्हावं, असं वाटतं. इथे थांबायला हवं.

नळी आणि चाक बोटीचा वेग पाण्याशी ताडून सांगतात, जीपीएस तो जमिनीशी ताडून सांगतो. तलावात दोन्ही एकच. समुद्रात, आणि त्याहूनही खाडीत, पाणी स्वतःच चाललेलं असतं. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळपास पाच मीटरचा फरक पडतो. खाली गोव्यापर्यंत तो दोन मीटरच्या आसपास येतो. हे सगळं पाणी सहा-सहा तासांत खाड्यांच्या तोंडातून आत-बाहेर करतं, आणि अरुंद जागी उधाणाच्या दिवसांत त्याची ओढ दोन-तीन नॉटपर्यंत जाते. भांगाच्या भरतीला ती बरीच कमी.

समजा तुमची बोट एका ठरावीक आरपीएमला पाण्यातून ८ नॉट चालते आणि ओहोटी २ नॉटने समुद्राकडे ओढतेय. खाडीत आत जाताना चाकाचं मीटर ८ दाखवेल, जीपीएस ६. बाहेर येताना चाक पुन्हा ८, जीपीएस १०. सहा सागरी मैल आत आणि तेवढेच बाहेर अशी फेरी मारली, तर जाताना एक तास आणि येताना ३६ मिनिटं लागतील. ओढ नसती तर दोन्ही मिळून दीड तास लागला असता, आता सहा मिनिटं जास्त गेली. जाताना जे हरवलं ते येताना भरून निघतं हा हिशेब कधीच जुळत नाही, कारण उलट्या पाण्यात आपण जास्त वेळ घालवतो.

यातला खरा वेग कुठला, हा प्रश्नच चुकीचा आहे. धक्क्यावर किती वाजता लागू, एवढ्या पेट्रोलमध्ये परत येऊ का, खडकापासून किती वेगाने दूर जातोय, हे जीपीएस सांगणार. इंजिनावर ताण किती, बूड शेवाळलंय का, पंखा बोटीला साजेसा आहे का, हे पाण्याशी ताडलेला वेग सांगणार. ट्रॉलरच्या तांडेलाला तर हा फरक थेट पैशात दिसतो. जाळ्याचं तोंड किती उघडं राहील ते जाळं पाण्यातून किती वेगाने ओढलं जातंय त्यावर ठरतं. जीपीएसवर ३ नॉट दिसत असताना पाणी एका नॉटने पाठीमागून येत असेल, तर जाळ्याला मिळताहेत दोनच. समोरून येत असेल तर चार. आणि मुंबई-वसईच्या कोळ्यांचं डोल जाळं? ते एका जागी रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणीच त्यातून मासळी घेऊन वाहतं. तिथे नांगरलेल्या बोटीवर जीपीएसचा आकडा शून्य असेल आणि तळाचं चाक दोन नॉटने फिरत असेल. दोघंही खरं बोलत असतील.

म्हणून माझं मत असं की चाकाचं मीटर चालू असेल तर ते काढू नये, जीपीएसचा आकडा त्याच्या शेजारी आणावा. दोन्हींतला फरक म्हणजे पाण्याची ओढ, आणि ती फुकटात कळते. नळीचं मीटर मात्र, विशेषतः सावकाश चालणाऱ्या बोटीवर, खुशाल निवृत्त करावं.

निवृत्त करायचं ते कसं? नळीच्या मीटरला विजेचं तोंडच नसल्यामुळे त्याला जीपीएस जोडण्याचा नाद सोडून द्यायचा. त्याच भोकात बसणारं जीपीएस स्पीडोमीटर मिळतं; बहुतेक डॅशबोर्डांवर या भोकाचा व्यास ८५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण मागवण्याआधी मोजून घ्यावा. काहींत अँटेना मीटरच्या आतच असते, काहींत तीन-चार मीटर वायरीवर बाहेर येते. जुनी नळी तशीच लोंबकळत सोडायची नाही. खालचं भोक अजून पाण्यात आहे आणि बोट वेगात गेली की तो सगळा दाब डॅशबोर्डखाली फवारा उडवेल. नळीचं टोक बूच मारून, क्लिप लावून बंद करायचं.

पल्सवर चालणाऱ्या मीटरची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण त्याला फसवता येतं. ठोके चाकाकडून येताहेत की आणखी कुठून, याच्याशी त्या मीटरला कर्तव्य नसतं. अर्डुइनोसारखा छोटा मायक्रोकंट्रोलर जीपीएसकडून वेगाचा आकडा घेतो आणि तेवढ्या गतीने पल्स सोडतो. सागरी मैलाला २०,००० पल्स अपेक्षित असतील, तर एका नॉटला सेकंदाला साडेपाचच्या जरा वर, दहा नॉटला साडेपंचावन्न. मोटारगाडीच्या धाटणीची मीटरं साध्या मैलाला ४०००, ८००० किंवा १६,००० पल्स मागतात आणि पुष्कळदा मागच्या बारीक स्विचांनी हा आकडा बदलता येतो. हेच काम करणाऱ्या तयार डब्याही मिळतात. घरी करणाऱ्याने एक गोष्ट सांभाळावी. चाकाचा सेन्सर वायरीत वीज ढकलत नाही. मीटर स्वतः ती वायर ५ किंवा १२ व्होल्टला वर धरून ठेवतं आणि सेन्सर चुंबक आला की तिला क्षणभर अर्थला टेकवतो. मायक्रोकंट्रोलरची ३.३ व्होल्टची पिन सरळ या वायरीला लावली तर ती जळून जाण्याची शक्यता मोठी. मध्ये एक ट्रान्झिस्टर घालून सेन्सरसारखंच टेकवण्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं. चार आण्याचा भाग, पण तो विसरला की सगळं बोर्ड हातात येतं.

तिसरी जात भाषा बोलणाऱ्या मीटरांची. बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना एकमेकांचं कळावं म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ साली एक मानक ठरवलं, त्याचं नाव एनएमईए ०१८३. चाळीस वर्षं उलटली तरी ते हटायला तयार नाही. यात उपकरण साध्या अक्षरांत एकेक वाक्य पाठवतं. सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग बोलणाऱ्याची दोन अक्षरं, मग वाक्याच्या प्रकाराची तीन, मग स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे, आणि शेवटी तारांकनानंतर पडताळणीचा दोन अंकी आकडा. जीपीएसच्या आरएमसी नावाच्या वाक्यात पहिली वेळ, दुसरं ‘ए’ किंवा ‘व्ही’ हे अक्षर, मग अक्षांश-रेखांश, आणि सातवा आकडा नॉटमधला वेग. ते दुसरं अक्षर महत्त्वाचं. ‘ए’ म्हणजे माहिती भरवशाची, ‘व्ही’ म्हणजे उपग्रह अजून नीट सापडलेले नाहीत. घरी प्रोग्रॅम लिहिणारे नेमकं हेच अक्षर तपासायचं विसरतात, आणि मग वाशीच्या खाडीपुलाखालून जाताना काटा भलतीकडे उडी मारतो.

वायरी जोडायला सोप्या: बोलणाऱ्याच्या बाहेर येणाऱ्या दोन वायरी ऐकणाऱ्याच्या आत जाणाऱ्या दोन वायरींना. एक बोलणारा आणि ऐकणारे अनेक चालतात. दोन बोलणारे एका वायरीवर आणले की दोघांचंही कुणाला कळत नाही. अडचणी येतात त्या इथून पुढे. या मानकाचा वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. बाजारातली छोटी जीपीएस मॉड्यूलं ९६०० वर बोलतात, त्यामुळे मीटरला नुसती खरखर ऐकू येते. व्होल्टेजही वेगळं: मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या एका वायरीवर बोलतं, १९९०च्या दशकापासूनची बोटीची उपकरणं दोन वायरींमधल्या फरकावर. मध्ये रूपांतर करणारी चिप लागते. आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की सगळं उलटं ऐकू येतं. काहीच चालत नसेल तर आधी त्या फिरवून पाहाव्यात, नुकसान होत नाही.

त्याहून चकवणारी गोष्ट सुरुवातीच्या दोन अक्षरांत आहे. जुने रिसीव्हर फक्त अमेरिकन उपग्रह ऐकत आणि ‘जीपी’ अशी सुरुवात करत. आजचे रिसीव्हर रशियन, युरोपीय, चिनी उपग्रहही ऐकतात, काही आपल्या नाविकचेही, आणि अशा मिश्र उत्तराची सुरुवात ‘जीएन’ने करतात. जुन्या मीटरच्या प्रोग्रॅममध्ये ‘जीपीआरएमसी’ हे शब्द जसेच्या तसे शोधायला सांगितलेलं असेल, तर ‘जीएनआरएमसी’ त्याच्या कानावरून जातं. सगळ्या वायरी बरोबर, व्होल्टेज बरोबर, वाक्य बरोबर आणि काटा शून्यावर. बहुतेक मॉड्यूलांना एक आज्ञा देऊन केवळ जीपीएस वापरायला किंवा जुनीच अक्षरं लावायला सांगता येतं.

आणि आता मूळ प्रश्न परत येतो. या भाषेत जमिनीशी ताडलेल्या वेगाच्या वाक्याचं नाव व्हीटीजी आणि पाण्याशी ताडलेल्या वेगाचं व्हीएचडब्ल्यू. वेग दाखवणारी कित्येक मीटरं फक्त दुसरं वाक्य ऐकतात, कारण ती तळाच्या चाकासाठी बनवलेली असतात. गंमत अशी की दोन्ही वाक्यांतल्या आकड्यांची मांडणी जवळजवळ तंतोतंत सारखी आहे: दोन दिशा, मग नॉट, मग किलोमीटर. मायक्रोकंट्रोलरने नाव बदललं आणि पडताळणीचा आकडा नव्याने काढला, की मीटर निमूटपणे जीपीएसचा वेग दाखवू लागतं. पुष्कळ लोक असं करतात. एकुलत्या एका मीटरसाठी त्यात काही बिघडत नाही. पण तीच वायर पुढे चार्टप्लॉटरला किंवा शिडाच्या बोटीवरच्या वाऱ्याच्या यंत्राला गेली असेल, तर तुम्ही सगळ्या बोटीला खोटं सांगितलेलं असतं. प्लॉटर पाण्याची ओढ काढतो ती या दोन वेगांच्या फरकातून. दोन्ही आकडे एकाच जागेवरून आले की फरक कायमचा शून्य, आणि उधाणाच्या दिवशीही पडद्यावर पाणी स्थिर. हे नामांतर करायचंच असेल तर ते काट्यापुरतं, वेगळ्या वायरीवर करावं.

नव्या बोटींवर एनएमईए २००० असतं. त्यात अक्षरं नसतात, वाक्यं नसतात. मोटारींतल्या कॅन बसवर उभारलेलं सेकंदाला अडीच लाख बिटांचं जाळं असतं. एक मुख्य केबल, तिला टी जोड, आणि दोन टोकांना १२० ओहमचे रोधक. वीज बंद करून मल्टिमीटरने दोन सिग्नल वायरींमध्ये ६० ओहम आले म्हणजे दोन्ही टोकं जागेवर आहेत; १२० आले तर एक निसटलंय. इथेही जमिनीशी ताडलेला वेग १२९०२६ क्रमांकाच्या संदेशात येतो आणि पाण्याशी ताडलेला १२८२५९ मध्ये. फरक इतकाच की मीटरच्या मेनूत कुठला दाखवायचा ते बहुधा निवडता येतं. यावर जास्त लिहायला काही नाही. प्लग खोचायचा आणि मेनू वाचायचा.

काटा हलू लागला की त्याचा स्वभाव दिसू लागतो. बहुतेक जीपीएस सेकंदाला एकदाच बोलतात. सावकाश चालणाऱ्या लाँचला ते चालतं, पण दहा सेकंदांत तीस नॉट गाठणाऱ्या बोटीवर काटा पायऱ्या चढल्यासारखा झटके देत वर जातो. सेकंदाला पाच वेळा बोलणारा रिसीव्हर घेतला तर हालचाल गुळगुळीत होते, पण मग ४८०० बॉडची वायर कमी पडते. सेकंदाला ४८० अक्षरं आणि वाक्याची कमाल लांबी ८२, म्हणजे लांब वाक्यं सेकंदाला पाच-सहाच मावतात. रिसीव्हरला उपग्रहांच्या याद्या वगैरे बंद करायला सांगून एकटं आरएमसी चालू ठेवायचं. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर काटा शून्याच्या आसपास थरथरतो, कारण नॉटच्या पाचव्या भागाची ती चूक आता दिसायला लागते. अर्ध्या नॉटखालचं सगळं शून्य धरावं असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं की प्रश्न मिटतो.

अँटेना कुठे बसवायची यावर मात्र लोक वाद घालतात. आकाश मोकळं दिसावं म्हणून ती डोलकाठीच्या टोकाला नेण्याचा मोह होतो. आठ मीटर उंचीवरची अँटेना, बोट चार सेकंदांच्या झोक्यात दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश डुलतेय, असं धरून हिशेब केला तर अँटेना स्वतःच क्षणोक्षणी चार नॉटपर्यंत आडवा वेग घेते. जीपीएसला बोट दिसत नाही, अँटेनाच दिसते. म्हणून ती खाली, डुलण्याच्या मध्याजवळ असलेली बरी. फायबरच्या छताखाली किंवा डॅशबोर्डखालीही ती चालते, कारण या लहरी फायबरमधून आरपार जातात. ॲल्युमिनियमच्या छताखाली चालत नाही. रडारच्या झोतात ठेवायची नाही, आणि व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून हातभर तरी दूर ठेवायची.

विजेचं काम थोडक्यात: रिसीव्हरला स्वतःचा एक अँपिअरचा फ्यूज, अर्थ मीटरच्याच जोडबिंदूवर, आणि वायर कथिलाचा मुलामा असलेली, साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत एका मोसमात काळी पडते. इंजिन सुरू करताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दहाच्या खाली जाऊ शकतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. लगेच घाबरू नये. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट एवढ्या गतीने सांगतो आणि एक पूर्ण फेरी व्हायला ३० सेकंद लागतात. आतली छोटी बॅटरी शाबूत असेल तर जुनी माहिती काही तास कामी येते आणि काटा काही क्षणांत परततो. नसेल तर अर्धा-पाऊण मिनिट थांबावं लागतं. माळ्यावर पडलेला जुना रिसीव्हर वापरायला काढला आणि त्याची तारीख वीस वर्षं मागची निघाली, तरी तो बहुधा फेकण्यासारखा नसतो. आठवड्यांचा दहा बिटांचा मोजक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, आणि एप्रिल २०१९ मध्ये तो आला. असे बरेच रिसीव्हर तारीख चुकीची सांगतात, वेग बरोबर.

शेवटी तपासणी. भरती थांबून पाणी वळायच्या बेतात असतं ती वेळ निवडावी, वारा कमी असलेली सकाळ, आणि आरपीएम न बदलता एकाच मार्गावर एकदा जावं, एकदा यावं. डॅशबोर्डचा काटा आणि फोनवरचा जीपीएसचा आकडा दोन्ही वेळा कागदावर लिहावेत. काटा थोडा मागेपुढे असेल तर तो मीटरच्या स्क्रूने किंवा पल्सच्या आकड्याने सुधारता येतो. पण तो प्रत्येक वेळी एकाच पटीने चुकत असेल, तर ती पटच दोष सांगते. काटा १.१५ पट जास्त दाखवतो, तेव्हा मीटर मैलांत आहे आणि तुम्ही ते नॉट समजून वाचताय. १.८५ पट असेल तर मीटर किलोमीटरचं. बरोबर दुप्पट किंवा निम्मा असेल तर पल्सचा स्विच एक घर चुकलाय, ४०००च्या जागी ८००० किंवा उलट. आणि जाताना जास्त, येताना कमी असं निघालं, तर मीटरला हात लावू नये. पाणी अजून थांबलेलं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा जावं.